मोदकाची पारी, मोचिकोचा खोका आणि दुसऱ्याच्या नावावरची भातशेतं

अनघा_वेबस्टर

गेल्या गणपतीत माझ्या मोदकांच्या पाऱ्या चिरत होत्या. इथे ह्यूस्टनला मिळणारी तांदळाची पिठी बरेचदा जुनी असते, उकड कितीही मळली तरी कोरडीच राहते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "उकडीत दोन चमचे मोचिको घाल." पांढरा खोका, त्यावर निळा तारा, आत चिकट तांदळाचं पीठ. पारी अगदी पातळ झाली, कळ्या सुबक आल्या, एकही मोदक फुटला नाही. रात्री ओटा आवरताना तो खोका हातात घेऊन वाचला. कोडा फार्म्स, साऊथ डॉस पॅलोस, कॅलिफोर्निया. नाव जपानी, गाव कॅलिफोर्नियाचं. तिथून जी वाचायला लागले ती अजून थांबलेली नाही. म्हणून हा धागा.

आधी माझ्या दारापासून सुरू करते. मी राहते त्या वेबस्टरमध्ये आज हॉटेलं, दवाखाने आणि मैलभर पार्किंग आहे. नासाचं केंद्र हाकेच्या अंतरावर. १९०३ साली इथल्या गवताळ माळावर सेइतो सायबारा नावाचे गृहस्थ भात लावायला आले. हे काही पोटासाठी बाहेर पडलेले मजूर नव्हते. वकील, जपानच्या संसदेतले ख्रिस्ती सभासद, क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले. १९०२ मध्ये जपानचे कॉन्सुल उचिदा टेक्सास बघून गेले होते. ह्यूस्टनचं व्यापारी मंडळ आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांना भाताचे जाणकार हवे होते. रुळालगतची जमीन पडीक राहिली तर रेल्वेला वाहायला माल कुठून मिळणार? म्हणून हे आमंत्रण.

सायबारांनी जपानहून 'शिनरिकी' बियाणं आणलं. या वाणाचा अर्थ 'दैवी शक्ती'. ह्योगो भागातल्या एका शेतकऱ्याला १८७७ च्या सुमारास कुसळाच्या भातात तीन बिनकुसळी लोंब्या दिसल्या, त्यातून हे वाण निघालं. १९०४ च्या पहिल्या हंगामात एकरी सरासरी ३४ बॅरल उतारा पडला. तेव्हा टेक्सास-लुइझियानात १८ ते २० बॅरल पडत.

हे बघून आणखी जपानी आले. शिंपेई माएकावा १९०६ मध्ये ह्यूस्टनच्या दक्षिणेला भात करायला आले आणि त्याच वर्षी शेतीच्या अवजाराखाली सापडून गेले. त्यांच्या नावावरून रेल्वेने स्टेशनचं नाव ठेवलं, आणि तेच नाव आज मायकावा रोडला आहे. मी आठवड्यातून दोनदा त्या रस्त्याने जाते. वर्षानुवर्षं मला ते कुठल्यातरी अमेरिकन इंडियन जमातीचं नाव वाटत होतं.

टेक्सासात या लोकांना जमीन विकत घेता आली, निदान सुरुवातीला. कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात ब्यूट, कोलुसा, ग्लेन या परगण्यांत भारी चिकणमाती आहे, पाणी खाली झिरपूच देत नाही. गव्हाला नकोशी, फळबागेला निरुपयोगी. रिचव्हेल गावची जमीन तर एका कंपनीने 'सुपीक, सुपीक' म्हणून नेब्रास्का-कॅन्ससकडच्या लोकांना विकली, आणि ते बिचारे येऊन डोक्याला हात लावून बसले. पण पाणी न झिरपणं हेच भाताला हवं असतं. १९१२ मध्ये बिग्ज गावाजवळ भात संशोधन केंद्र निघालं, व्यापारी लागवड सुरू झाली, आणि आठ वर्षांत ती दीड लाख एकरांपुढे गेली. या पहिल्या धडपडीत जपानी शेतकरी होते. काल कवडीमोल असलेली जमीन आज खंड देऊ लागली होती, मग मालक कशाला नाही म्हणतील?

पण १९१३ मध्ये राज्याने कायदा केला. 'नागरिकत्वाला अपात्र' असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने खंडाने घेता येणार नाही. अपात्र कोण? नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना होतं, आशियाईंना नव्हतं. कायद्यात 'जपानी' हा शब्दच नाही, पण निशाणा सगळ्यांना कळत होता. १९२० मध्ये लोकांच्या मतदानाने खंडही बंद झाला. १९२३ मध्ये पिकाच्या वाट्यावर कसणं, म्हणजे आपली बटाई, तीही गेली. राहिली फक्त रोजंदारी. दहा वर्षांत माणसाला मालकीपासून मजुरीपर्यंत पायरी पायरीने खाली आणलं.

मला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं तर मालकांच्या भूमिकेने. मालकाला कूळ हवं होतं, कायद्याला नको होतं. या कायद्याविरुद्ध वरच्या कोर्टात जे खटले गेले त्यात मालक आणि जपानी शेतकरी एकाच बाजूला उभे आहेत. यावर कोणाला अधिक माहिती असेल तर जरूर लिहा. कोडांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली.

भातखाचर

अनघाताई, सुंदर धागा. आमची महाडजवळ थोडी भातशेती आहे म्हणून आधी हिशेब केला. भाताचं बॅरल १६२ पौंडांचं. म्हणजे ३४ बॅरल झाले एकरी २५ क्विंटल, आणि तिथले नेहमीचे १८-२० बॅरल म्हणजे १३ ते १५ क्विंटल. १९०४ साली, नव्या मुलखात, पहिल्याच हंगामात २५ क्विंटल! आमच्याकडे आजही चांगल्या वर्षी एवढं पडलं तर माणूस गावभर सांगत फिरतो.

एक प्रश्न. एवढ्या हजारो एकरांवर आवणी कोण करत होतं? जपानात तर आपल्यासारखी रोपं लावतात.

अनघा_वेबस्टर

भातखाचर, आवणी नाहीच. अमेरिकेत मजुरी परवडत नव्हती, म्हणून पेरणीच. सुरुवातीला कोरड्या रानात पेरून वर पाणी सोडत. पण त्यात सावा हे तण इतकं माजायचं की भात दिसेना. मग खाचरात आधीच वीतभर पाणी भरायचं आणि भिजवून मोड आलेलं बी वरून टाकायचं असं सुरू झालं. भिजलेलं बी जड होऊन तळाशी बसतं आणि पाण्यातून वर येतं, सावा मात्र बऱ्याच अंशी गुदमरतो. १९२९ च्या सुमारास हे बी विमानातून टाकायला लागले. त्यात पुढे असणाऱ्यांपैकी एक केइसाबुरो कोडा, मोचिकोच्या खोक्यावरचे कोडा!

भातखाचर

अहो, ही तर आमची रहू झाली! मोड आणलेलं बी चिखलावर फेकायचं, रोपं काढायची कटकटच नाही. आजी बी रात्रभर भिजवून पोत्यात दडपून ठेवायची, वर दगड. तिसऱ्या दिवशी पोतं उघडलं की गरम वाफ यायची आणि पांढरे मोड दिसायचे. अति मोड आले तर फेकताना तुटतात म्हणून ती तासातासाला पोत्यात हात घालून बघायची. विमानवाल्यांनाही मोडाची लांबी सांभाळावीच लागली असणार.

कूळवहिवाट

मी महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे मला यात वेगळंच दिसतं. तीन वर्षांचा खंड हा शब्द वाचायला साधा वाटतो. भाताला आधी काय करावं लागतं? रान सपाट करा, बांध घाला, पाट काढा, पाणी कुठे तुंबतं आणि कुठे फुटतं ते ओळखा. पहिलं वर्ष त्यात जातं. दुसऱ्या वर्षी बांध बसतो. तिसऱ्या वर्षी हाती पैसा येतो तोच मुदत संपते, आणि तयार खाचर मालकाला परत. तो पुढच्या कुळाला जास्त खंडाने देणार. आपल्याकडे मालक तर दर दोन वर्षांनी कूळ बदलायचे, का, तर वहिवाट लागू नये म्हणून. तिथे मालकाचं हे काम कायद्यानेच करून दिलं. तेव्हा मालक कुळाच्या बाजूने कोर्टात गेले हे वाचून मी जरा थांबलो. कोणत्या खटल्यांत, हे कोणी सांगेल का?

निशिगंध

काका, मी वकिली करते, हा विषय मागे वाचला होता. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार खटल्यांचे निकाल दिले, सगळे जपानी शेतकऱ्यांच्या विरोधात. वॉशिंग्टन राज्यातल्या टेरेस दांपत्याला आपली जमीन नाकात्सुका यांना खंडाने द्यायची होती. कॅलिफोर्नियात पोर्टरफील्ड यांना मिझुनो यांना. ओब्रायन यांना इनोऊये यांच्याशी बटाईचा करार करायचा होता. चौथ्यात फ्रिक यांना शेतीकंपनीचे शेअर सातो यांना विकायचे होते. चारही वेळा मालक म्हणतोय, माझी जमीन मी कोणाला द्यायची हे राज्याने सांगू नये. कोर्ट म्हणालं, राज्य सांगू शकतं.

हे काही भाताचेच खटले नव्हेत, पण निकाल भातवाल्यांनाही तसेच लागू झाले. आणि भाताच्या मुलखातलाही एक खटला आहे. ब्यूट परगण्यातले यानो नावाचे वडील. त्यांनी आपल्या लहान मुलीच्या नावावर जमीन घेतली होती, मुलगी अमेरिकेत जन्मलेली म्हणून नागरिक. १९२० च्या कायद्याने अशा बापाला पालक म्हणून जमीन सांभाळायलाही बंदी केली. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उडवलं. बाप आपल्या लेकीचा पालक होऊ शकतो, एवढं कोर्टाकडून वदवून घ्यावं लागलं! पण त्यामुळे शेकडो घरांना वाट मिळाली. शेत लेकराच्या नावावर, कसणारा बाप.

विदर्भपुत्र

निशिगंध यांच्या १९२३ ला जोडून. त्याच वर्षी फेब्रुवारीत भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र. नागरिकत्व गेलं की जमिनीचा कायदाही आपोआप लागू. म्हणजे जपान्यांसाठी विणलेल्या जाळ्यात आपले लोक अडकले. त्याच ब्यूट, कोलुसा, ग्लेन परगण्यांत पंजाबी शेतकरी भात करत होते, पहिल्या महायुद्धात भाव चढले तेव्हा अनेकांनी मोठाली रानं खंडाने घेतली होती. १९२० मध्ये भाव कोसळला तेव्हा बरेच बुडाले, आणि उरलेल्यांवर तीन वर्षांत हा निकाल.

आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याआधीच तिकडे होते. जपानमार्गे अमेरिकेत गेले, शेतकी शिकले, पश्चिम किनाऱ्यावरच्या पंजाबी मजुरांत राहिले आणि गदर या क्रांतिकारी चळवळीच्या उभारणीत पडले. पुढे मेक्सिकोत मक्यावरचं त्यांचं काम आपल्याला माहीत असतं. पण शेतात राबणाऱ्याला जमीन का नाही, हा प्रश्न त्यांनी त्या किनाऱ्यावर डोळ्यांनी बघितला होता हे विसरलं जातं.

प्राजक्ता_सनीव्हेल

वाचतेय, पण एक गोष्ट खटकली. मालकांचं जरा जास्तच कौतुक होतंय का? कोर्टात गेले ते खंडासाठी गेले. शेजारी म्हणून, माणूस म्हणून किती जण उभे राहिले? १९४२ मध्ये या सगळ्यांना उचलून छावण्यांत टाकलं तेव्हा मालक कुठे होते?

अनघा_वेबस्टर

प्राजक्ता, तुझं बरोबर आहे. मला कौतुक करायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यात ते आलं खरं. मालक स्वार्थानेच उभे राहिले. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की 'जपानी लोक आमच्या जमिनी बळकावतात' असा जो ओरडा होता, तो ज्यांच्या जमिनी होत्या ते करत नव्हते.

आता कोडा. १८८२ चा जन्म, फुकुशिमा भागातले, जपानात शाळेचे मुख्याध्यापक. १९०८ मध्ये अमेरिकेत आले. तेलाच्या विहिरी शोधल्या, लाँड्री चालवली, टूना माशांच्या धंद्यात पडले आणि मग भाताकडे वळले. डॉस पॅलोसच्या आसपास अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावांवर जमीन घेऊन हजारो एकरांची शेती उभी केली. स्वतःची गिरणी, स्वतःची विमानं.

जपानशी युद्ध पेटल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम ९०६६ काढला. पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं घरदार सोडून छावण्यांत गेली, त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन. कॅलिफोर्नियात भाताची पेरणी एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. कोडा कुटुंब कोलोराडोतल्या अमाचे छावणीत पोचलं. शेती ज्यांच्या हवाली केली होती त्यांनी ती सांभाळली नाही. परत आले तेव्हा उत्तम जमीन, गिरणी, अवजारं विकली गेली होती. उरलेल्या हलक्या रानात, साठी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून बांध घातले. 'कोकुहो रोझ' तांदूळ त्यानंतरचा, १९६० च्या दशकातला. आणि ते पीठही त्याच घरचं.

साओपावलोकर

इथे नोकरीनिमित्त अकरा वर्षं आहे, ब्राझीलची बाजू थोडी लिहितो. इकडे जमीन घ्यायला बंदी नव्हती, पण सुरुवात गुलामीच्या जवळची होती. १८ जून १९०८ ला 'कासातो मारू' जहाज सांतोसला लागलं, ७८१ माणसं, सगळी कॉफीच्या मळ्यांवर कराराने. मजुरी इतकी तुटपुंजी की बहुतेक वर्षभरात मळे सोडून गेले. कॉफीच्या ओळींमध्ये स्वतःपुरता तांदूळ आणि घेवडा लावायची मुभा असायची, अनेक घरं त्यावरच तगली.

मला राहून राहून उनपेई हिरानो आठवतात. एका मळ्यावर दुभाषे होते, मालक आणि मजूर यांच्या मधला माणूस. १९१५ मध्ये त्यांनी काही कुटुंबांना घेऊन स्वतःची वसाहत काढली, आताच्या काफेलांदियाजवळ. जमीन निवडली ती नदीकाठची सखल, कारण भात लावायचा होता. जपानी शेतकऱ्याच्या डोळ्याला तीच उत्तम जमीन. पण त्या पाण्यावर मलेरियाचे डास होते. पहिल्या काही महिन्यांत सत्तर-ऐंशी माणसं गेली, त्यात लहान मुलं पुष्कळ. काही दिवस तर पुरायलाही धडधाकट हात नव्हते. हिरानो १९१९ मध्ये स्पॅनिश फ्लूने गेले, पस्तिशीही गाठली नव्हती.

आणि रेजिस्त्रो गाव. तिथे १९१३ पासून वसाहत, सरकारने दिलेल्या जमिनीवर जपानी कंपनीच मालक. रिबेरा नदीकाठी कंपनीची जुनी भातगिरणी आहे, विटांची लांबलचक इमारत. आता तिथे स्मारक आहे. मी गेलो तेव्हा बाहेर एक आजोबा नातवाला पोर्तुगीजमध्ये सांगत होते की होडीतून पोती कुठे उतरायची. नंतर तिथे भातापेक्षा चहा वाढला, पण आजोबांचं बोलणं पोत्यांवरच होतं.

भातखाचर

साओपावलोकर, हिरानोंचं वाचून पोटात कालवलं. सखल, पाणथळ रान दिसलं की भातवाल्याचा जीव तिथेच अडकतो. मीही तीच जमीन निवडली असती.

कूळवहिवाट

सगळं वाचून एक गोष्ट जुळवून बघितली, लिहिल्यावाचून राहवत नाही. ही माणसं जपान सोडून का गेली? १८७३ पासून तिकडे शेतसारा रोखीत भरावा लागे. पीक बुडालं तरी सारा तोच. जमिनी गहाण पडल्या, सावकार-मालकांकडे गेल्या, शेतकरी कूळ झाला आणि निम्म्याच्या आसपास भात खंडात द्यायला लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जपानची जवळपास निम्मी शेतजमीन कुळांकडे होती.

१९४६ पासून तिथे कूळकायदा झाला. गावाबाहेरच्या मालकाची सगळी जमीन आणि गावातल्याची ठरलेल्या मर्यादेपलीकडची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली. १९५० पर्यंत कुळांकडची जमीन दहा टक्क्यांच्या आसपास आली. हे झालं मॅकार्थरच्या, म्हणजे अमेरिकेच्या अंमलाखाली. त्या वेळी कॅलिफोर्नियात काय चाललं होतं? १९१३ चा कायदा चालूच होता. म्हणजे दोन भावांतला जो गावी कूळ म्हणून राहिला तो अमेरिकेच्या आग्रहाने मालक झाला, आणि जो अमेरिकेत गेला त्याला चाळीस वर्षं राबूनही स्वतःच्या नावावर बिघाभर जमीन घेता येत नव्हती.

निशिगंध

काका, याचा मी कधी एकत्र विचारच केला नव्हता. तुमच्या तारखांना जोडून सांगते. सान डिएगोकडच्या ओयामा कुटुंबाने मुलाच्या नावावर घेतलेली जमीन, ते घरी नसताना, १९४४ मध्ये सरकारजमा करायचा दावा राज्याने लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने मूळ कायदाच घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षी पहिल्या पिढीच्या जपान्यांना नागरिकत्व घ्यायला परवानगी मिळाली. पुस्तकातून तो कायदा मतदानाने काढला १९५६ मध्ये.

प्राजक्ता_सनीव्हेल

अनघा, मग सायबारांचं काय झालं? आणि कोडांना भरपाई मिळाली का?

अनघा_वेबस्टर

सायबारांना नागरिकत्व मिळणार नाही हे स्पष्ट झालं. पुढे शेत मुलावर सोपवून ते ब्राझीलला गेले, पुन्हा नव्याने वसाहत करायला. म्हातारपणी परत वेबस्टरला आले आणि १९३९ मध्ये इथेच गेले. मुलगा कियोआकी इथे भात करत राहिला. १९५२ च्या कायद्यानंतर त्याला नागरिकत्व मिळालं, म्हणजे या मातीत जवळजवळ पन्नास वर्षं काढल्यावर.

कोडांनी पहिल्या पिढीला नागरिकत्व मिळावं म्हणून लढ्यात पैसा आणि वेळ घातला. १९४८ च्या भरपाई कायद्याखाली त्यांचा दावा होता, दहा लाख डॉलरांच्या वरचा. निकाल लागला ३ लाख ६२ हजार ५०० डॉलरचा, १९६५ मध्ये. केइसाबुरो १९६४ मध्येच गेले होते.

भातखाचर

ते पीठ अजून त्यांच्याच शेतातलं असतं का?

अनघा_वेबस्टर

आता नाही. २०२४ मध्ये कुटुंबाने काम आवरतं घेत असल्याचं कळवलं, नावं दुसऱ्या कंपनीकडे गेली. खोका दुकानात अजून मिळतो. मी जुना एक कपाटात ठेवलाय, तळाशी चमचाभर पीठ आहे.